पिन पंच घेताना स्टीलच्या नावाआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लहानसं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, गिअरबॉक्स, शाफ्टवरचे कॉलर, लिव्हर अशी कामं येतात, रोल पिना (भोकात दाबून बसवायच्या पोकळ पिना) काढायला पिन पंचांचा सेट घेतला आणि त्यातले ३ आणि ४ मिमीचे वाकले, आणखी एकाचं टोक तर मुळातूनच तुटलं. आता तुम्हाला विचारायचंय की कुठल्या स्टीलचा सेट घ्यावा, क्रोम व्हॅनेडियम पुरेल का आणि पाकिटावर ‘६० रॉकवेल’ (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) लिहिलेले घेतले तर ते जास्त टिकतील का.

स्टीलबद्दल सांगतोच, पण त्याच्या आधी एक गोष्ट मांडतो, कारण ती न समजता तुम्ही कितीही चांगला सेट घेतलात तरी ३ मिमीचा परत वाकणार. वाकलेला पंच म्हणजे हलकं स्टील असं आपण लगेच धरून चालतो, आणि काही वेळा ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा त्या पंचाला त्याचं नसलेलं काम दिलेलं असतं. अडकलेली पिन जागेवरून पहिल्यांदा हलवणं हे एक काम आणि हललेली पिन भोकातून पलीकडे ढकलत नेणं हे दुसरं काम. लांब, सरळ, बारीक दांड्याचा पिन पंच फक्त दुसऱ्या कामासाठी आहे. पहिल्या कामाला आखूड, निमुळता, खांद्याकडे जाड होत गेलेला पंच लागतो, त्याला कोणी स्टार्टर पंच म्हणतं, कोणी ड्रिफ्ट. जर्मन मानकांतसुद्धा हे दोन वेगळे धरलेत, सरळ दांड्याचा पिन पंच डीआयएन ६४५० मध्ये आणि निमुळता डीआयएन ६४५८ मध्ये.

याच्या मागचं गणित सोपं आहे. बारीक लांब दांड्यावर वरून दाब आला की तो चिरडायच्या आधी बाजूला बाक घेतो. तो बाक यायला किती जोर लागेल हे व्यासाच्या चौथ्या घातावर आणि लांबीच्या वर्गावर ठरतं. म्हणजे ३ मिमीच्या ऐवजी अडीच मिमीचा पंच वापरला तर दिसायला अर्ध्या मिमीचाच फरक, पण ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि तोच दांडा निम्म्या लांबीचा केला तर चौपट जोर सहन करतो. आता यात स्टीलचा भाग किती? स्टीलचा ताठपणा, म्हणजे बाकाला तो किती विरोध करतो ती गोष्ट, साध्या स्टीलमध्ये आणि भारी मिश्रधातूच्या स्टीलमध्ये जवळपास सारखीच असते. पाणी दिलं, म्हणजे लालबुंद तापवून एकदम थंड करून कडक केलं, म्हणून ताठपणा वाढत नाही. पाणी दिल्यामुळे काय होतं तर थोडा बाक आला तरी दांडा परत सरळ होतो, कायमचा वाकत नाही. म्हणून चांगलं स्टील हवंच, पण ते लांबी आणि व्यास या दोन गोष्टींची भरपाई करत नाही.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की नुसता लांब पंचांचा दुसरा सेट घेऊ नका, प्रत्येक मापाची जोडी घ्या. ३, ४, ५ आणि ६ या मापांत एक आखूड निमुळता आणि एक लांब सरळ. आधी आखूड लावून एक नेमका ठोका, पिन दोन-तीन मिमी आत गेली की मग लांबवाला घ्यायचा. आखूड निमुळता पंच भोकात खोलवर जात नाही, त्याचा खांदा भोकाच्या कडेला अडकायला लागतो, तिथे थांबायचं नाहीतर भोकाचं तोंड पसरतं.

आता मापाबद्दल, कारण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं इथेच खरी गडबड आहे. तुम्ही लिहिलंय की ५ मिमीच्या रोल पिनला ३ चा पंच ‘आत रुतून बसला’ आणि वाकडा झाला. रोल पिन पोकळ असते, ५ मिमीच्या जाड जातीच्या पिनेची भिंत साधारण १ मिमीची, म्हणजे भोकात बसल्यावर तिच्या पोटात साधारण ३ मिमीची पोकळी उरते. तुमचा ३ चा पंच बरोबर त्या पोकळीत शिरला, पिनेला आतून फुलवलं, त्यामुळे पिन आणखी घट्ट झाली आणि पंच अडकला. ४ मिमीच्या पिनेत ही पोकळी २.४ च्या आसपास येते आणि इंची सेटमधला तीन बत्तिसांशचा पंच नेमका तेवढाच असतो, तिथेही हाच प्रकार होतो. पंचाचं तोंड पिनेच्या पूर्ण भिंतीवर टेकलं पाहिजे, म्हणजे पंच भोकापेक्षा फक्त ०.१ ते ०.२ मिमीने लहान हवा. ५ च्या भोकाला ४.८ किंवा ४.९, ३ च्या भोकाला २.८ किंवा २.९. आणि लक्षात घ्या, माप भोकाचं धरायचं. सुटी नवी रोल पिन मोजलीत तर ३ ची पिन ३.३ ते ३.५ भरते, कारण ती दाबून बसवायचीच असते.

म्हणून सेट घेताना व्हर्निअर बरोबर ठेवा आणि दांडा टोकाजवळ, मधे आणि खांद्याजवळ असा तीन ठिकाणी मोजा. पंचावर ३ लिहिलेलं असतं आणि दांडा ३.०५ भरतो, असा पंच ३ च्या भोकात जाणारच नाही, गेला तरी घट्ट जाईल आणि काढताना ओढाताण होईल. काही चांगले बनवणारे मुद्दामच २.९, ३.९ अशी मापं ठेवतात. ज्या मशीनवर इंची पिना आहेत तिथे इंची सेट आणि जिथे मिमी आहेत तिथे मिमी सेट, याला पर्याय नाही. एका सूतचा पंच म्हणजे ३.२ मिमी, तो ३ च्या भोकात जात नाही, आणि त्याच्या खालचा २.४ चा घेतला तर तो पिनेच्या जेमतेम अर्ध्या भिंतीवर टेकतो आणि घसरतो. दोन्ही प्रकारची कामं येत असतील तर दोन्ही सेट ठेवा.

रोल पिनांचीच कामं जास्त असतील तर रोल पिन पंच वेगळे मिळतात, त्यांच्या तोंडाला मधोमध छोटा अर्धगोल उंचवटा असतो, तो पिनेच्या पोकळीत बसतो आणि पंच मधून सरकत नाही. मला हे फार उपयोगी वाटतात, विशेषतः पिन बसवताना. पण ते भरीव पिनेवर वापरू नका, सगळा मार त्या टिंबाएवढ्या उंचवट्यावर येतो आणि तो चेपतो किंवा उडतो. तुमच्या वर्कशॉपमध्ये दोन-चार जण काम करत असतील तर या पंचांना डोक्याजवळ रंगाचा पट्टा मारून ठेवा, नाहीतर घाईत कोणीतरी उचलणारच.

आता स्टील. क्रोम व्हॅनेडियम पिन पंचाला चांगलं आहे आणि पुरेसं आहे. साधं हाय कार्बन टूल स्टीलसुद्धा नीट पाणी दिलेलं असेल तर उत्तम चालतं. खरा फरक पाणी कसं दिलंय आणि मग ते किती उतरवलंय म्हणजे परत थोडी ऊब देऊन ठिसूळपणा कमी करणारा टेंपर कसा केलाय यात असतो, आणि ते पाकिटावर दिसत नाही. पंचाचं टोक कडक हवं पण ठिसूळ नको, साधारण ५० ते ५८ रॉकवेल सी या पट्ट्यात, आणि डोकं म्हणजे जिथे हातोडी बसते तो भाग त्याहून बराच मऊ हवा. डोकं हातोडीपेक्षा मऊ असलंच पाहिजे. दोन कडक पृष्ठभाग एकमेकांवर आदळले की कपची उडते आणि ती डोळ्याकडे कधी येते हे कळत नाही. म्हणून ‘पूर्ण पंच ६० रॉकवेल’ अशी जाहिरात असेल तर मी तो पंच घेणार नाही. एवढ्या कडकपणाला बारीक दांडा वाकत नाही, तो तुटतो, आणि तुमचं जे टोक मुळातून तुटलं ते वरच्या वर्णनावरून असंच जास्त कडक राहिलेलं असावं असं मला वाटतं. तुटलेला भाग जवळून बघा. तुटलेल्या जागी दांडा जरासाही वाकलेला नसेल आणि तोंड करड्या रंगाचं, दाणेदार, साखर फुटावी तसं दिसत असेल तर पाणी जास्त आणि टेंपर कमी. आधी बाक येऊन मग तुटला असेल तर तो वेगळा विषय, तिथे मार तिरका बसत होता.

घरच्या घरी तपासायला चांगली धारदार कानस पुरते. डोक्यावर फिरवली तर ती सहज चावली पाहिजे. टोकाच्या बाजूला फिरवली तर बरीचशी घसरली पाहिजे पण थोडीशी चावली पाहिजे. टोकावर काचेवरून फिरवल्यासारखी सरकत असेल तर तो पंच बारीक मापात तरी टाळा, आणि टोकावरही लोण्यासारखी चावत असेल तर त्याला पाणी दिलेलंच नाही किंवा ग्राइंडरवर जाळलेलं आहे. दुकानात कानस चालवू देणार नाहीत हे मान्य, म्हणून एकदम मोठा सेट न घेता आधी एकच ३ चा किंवा ४ चा सुटा घ्यायचा, वर्कशॉपमध्ये आणून तपासायचा, चार-सहा पिना काढायच्या आणि मग बाकीचे घ्यायचे.

हातात घेतल्यावर आणखी जिथे नजर जायला हवी ती जागा म्हणजे दांडा जाड अंगाला मिळतो तो कोपरा. तिथे गोलाई असली पाहिजे. कोपरा काटकोनात, टूलची रेघ दिसेल असा कापलेला असेल तर प्रत्येक ठोक्याचा ताण त्या रेघेवर जमतो आणि एक दिवस तिथूनच दांडा सुटतो. नखाने चाचपलं तरी कळतं, नख अडकलं नाही पाहिजे. मी स्टीलच्या ग्रेडपेक्षा या कोपऱ्याला जास्त महत्त्व देतो. मग सरळपणा, तो तपासायला पंच सपाट काचेवर असा ठेवा की जाड अंग काचेच्या काठाबाहेर आणि फक्त दांडा काचेवर, आणि सावकाश लोळवा, खालची उजेडाची फट मागेपुढे होत असेल तर दांडा आधीच वाकडा आहे. तोंड अक्षाला बरोबर काटकोनात हवं आणि कडेला अगदी बारीक चॅम्फर म्हणजे तिरकी घासलेली कड, बस्स. अंग षटकोनी किंवा अष्टकोनी असेल तर बेंचवरून गडगडत जात नाही. गोल असेल तर नर्लिंग म्हणजे पकडीसाठी खरखरीत नक्षी हवी, तेलकट हातात ते महत्त्वाचं. आणि डोक्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा नको, ठोक्याने त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते धारदार असतात. काळा ऑक्साइड किंवा नुसतं तेल लावलेलं फिनिश चांगलं, फक्त गंजाकडे लक्ष द्यावं लागतं.

२ मिमी आणि त्याखालच्या पंचांना मात्र हे सगळं करूनही आयुष्य कमीच असतं, तिथे मी गाइड स्लीव्हवाले पंच सुचवेन. त्यात दांड्यावर एक सरकती नळी असते, ती दांड्याला बाहेरून आधार देते आणि पंच आत जाईल तशी मागे सरकते. उघडा राहणारा दांडा आखूड झाला की वाकायचा धोका किती कमी होतो ते वर सांगितलंच आहे. टोक बदलता येणारे पंचही मिळतात, बारीक पिनांचं काम रोज असेल तर ते परवडतात, पण चकमधलं टोक सैल झालं की मार तिरका बसतो, तेव्हा दर थोड्या वेळाने घट्ट करत राहावं लागतं. कामं क्वचितच येत असतील तर मी साधाच घेईन.

आता थोडं वापरण्याबद्दल, कारण पंच टिकणं निम्मं इथे ठरतं. काम ज्या शाफ्टवर आहे त्याला पिनेच्या बरोबर खाली आधार पाहिजे. भोक पाडलेला बेंच ब्लॉक, व्ही ब्लॉक, किंवा कडक लाकडाच्या ठोकळ्याला पिन जाईल एवढं भोक. शाफ्ट अधांतरी असेल तर अर्धा मार शाफ्ट उसळण्यात जातो, पिन हलत नाही, आपण आणखी जोरात मारतो आणि पंच वाकतो, वर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांचे खड्डे पडतात ते वेगळंच. हातोडी मापात हवी. २-३ मिमीच्या पिनेला १०० ते २०० ग्रॅम, ४-५ ला ३०० च्या आसपास. फार हलक्या हातोडीने टकटक करत राहिलं तर पिनेचं तोंड फुलतं, ती भोकात आणखी आवळते. पंच ओळंब्यात धरायचा, एक हलका ठोका देऊन बसला का बघायचं आणि मग एक पूर्ण ठोका. पिन हलली की आवाज बदलतो, आधी खणखणीत येतो तो जरा बोदा होतो, हा फरक कानाला एकदा कळला की मग नजर भोकावर आणि कान आवाजावर ठेवून काम होतं. दोन-तीन पूर्ण ठोक्यांत हलली नाही तर थांबा. गंजतेल सोडा, वेळ द्या, कॉलरला थोडी ऊब द्या, पिन चिकटद्रव्य लावून बसवलेली असू शकते आणि ते तापल्यावर सैल पडतं. जवळ ऑइल सील किंवा प्लास्टिक असेल तर ऊब देताना सांभाळून.

आणि ठोकायच्या आधी पिन कुठल्या जातीची आहे ते बघा. टेपर पिन असेल तर ती एकाच बाजूने निघते. तिचा उतार ५० ला १ असा असतो, दोन्ही टोकं व्हर्निअरने मोजलीत तर बारीक बाजू कळते, त्या बाजूने ठोकायचं. मोठ्या बाजूने ठोकलं तर ती आणखी आवळत जाते आणि पंचाचा बळी जातो. कडक डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या भरीव, सरळ पिना) ६० रॉकवेलच्या आसपास असतात, म्हणजे तुमच्या पंचापेक्षा कडक, तिथे पंचाचं तोंड चेपणार हे धरून चला, शक्य असेल तर हायड्रॉलिक प्रेसवर काढा. बंद भोकातली डॉवेल पंचाने निघतच नाही. तिच्या आत आटे असतील तर बोल्ट लावून ओढून काढायची. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या नाजूक भागात पिन बसवताना पितळी पंच वापरा. अडकलेली पिन काढायला तो उपयोगाचा नाही, तोंड लगेच पसरतं.

पंचाच्या तोंडाकडे अधूनमधून बघत जा, ते बरंच सांगतं. सपाट तोंडाच्या पंचाने रोल पिना काढल्या तर तोंडावर एक गोल कडं उमटलेलं दिसतं. ते कडं मधोमध आणि सगळीकडे सारखं असेल तर तुमचा हात सरळ आहे. एका बाजूला चंद्रकोरीसारखं खोल आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं दिसलं तर पंच तिरका धरला जातोय, किंवा मापाने लहान आहे आणि एका अंगाला सरकतोय. तुमच्या वाकलेल्या ४ च्या पंचाचं तोंड भिंगातून बघा, मला वाटतं तिथे चंद्रकोरच असेल.

तोंड चेपलं तर ग्राइंडरवर सावकाश, थोडं टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं. बोटाला चटका बसण्याइतकंही गरम होऊ द्यायचं नाही. रंग दिसायलाच नको, पिवळसर दिसला तर २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलंय, निळा म्हणजे ३०० च्या आसपास, आणि त्याच्याही पुढे करडं पडलं तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं म्हणून समजा, तो भाग काढून टाकावा लागेल. डोकं फुलून कडेला पाकळ्या आल्या तर त्या लगेच ग्राइंड करून परत चॅम्फर द्या, पाकळ्यांसकट पंच वापरू नका. आणि गॉगल नेहमीच, एका ठोक्याचं काम असलं तरी.

स्वतः बनवायचे का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. लेथ असेल तर जरूर बनवा, विशेषतः अडनिड्या मापांचे. सिल्व्हर स्टीलचा गज घ्या, त्यात साधारण १ टक्का कार्बन असतो, दांडा २५ मिमीच्या आत ठेवा आणि खांद्याला मोठी गोलाई द्या. फक्त दांडा आणि खांदा तापवायचा, लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत आणि त्याहून किंचित वर, मग तेलात सरळ उभा बुडवायचा, आडवा बुडवला तर बाक येतो. लगेच घासून चकचकीत करायचा आणि जाड अंगाकडून हळूहळू ऊब द्यायची. रंग टोकाकडे सरकत जातात, दांड्यावर जांभळा येऊन निळ्याकडे झुकला की परत बुडवायचा. डोक्याला पाणी द्यायचंच नाही. ड्रिलचा दांडा, जुना स्क्रूड्रायव्हर, खिळा यांचे पंच करू नका. एचएसएस ड्रिल फार ठिसूळ, ठोक्याने त्याचे तुकडे उडतात, आणि खिळा पहिल्याच अडकलेल्या पिनेवर दुमडतो.

तुमचे ते वाकलेले दोन पंच टाकू नका आणि हातोडीने सरळही करू नका, सरळ केलेला दांडा पुढच्या वेळी तिथेच वाकतो किंवा तुटतो. बाक जिथे सुरू होतो त्याच्या अलीकडे कटिंग डिस्कने पाणी मारत मारत कापा, खांद्यापासून १०-१२ मिमी दांडा राहील असा, तोंड काटकोनात घासा, कडेला बारीक चॅम्फर द्या. ३ आणि ४ चे आखूड पंच तुमच्याकडे तयार झाले, आता फक्त लांबवाले दोन घ्यायचे राहिले, आणि ते घेताना ४ च्या ऐवजी ३.९ मिळतोय का बघा.